ग्रब स्क्रू सुटतोय, पण दुखणं बेअरिंगचं आहे

प्रश्न थोडक्यात असा. फोंड्याकडच्या एका कॉलेजच्या टीमचा रोबोट, वजन साधारण २५ किलो, १०० मिमी व्यासाची चार चाकं, प्रत्येक चाकाला स्वतंत्र प्लॅनेटरी गिअरबॉक्सची मोटर. गिअरबॉक्सचा शाफ्ट ८ मिमीचा, एका बाजूने सपाट केलेला. चाक १२ मिमीच्या शाफ्टवर. आधी हे दोन्ही शाफ्ट अ‍ॅल्युमिनियमच्या सरळ स्लीव्हने जोडले होते, एम-४चे (४ मिमी जाडीचे) ग्रब स्क्रू, म्हणजे डोकं नसलेले स्क्रू मारून. दोन-तीन फेऱ्या झाल्या की स्क्रू ढिले. मग कुणीतरी सुचवलं म्हणून लव्हजॉय कपलिंग (दोन दातेरी तुकडे आणि मध्ये रबराचा तारा, ज्याला स्पायडर म्हणतात) बसवलं. आता स्क्रू तर सुटतातच, वर चाक डुलतंय आणि गिअरबॉक्सच्या तोंडाशी खडखड येतेय. लॉकटाईट (स्क्रू पक्का करणारा गोंद) लावून झालं, फरक नाही. तर आता आणखी महागडं कपलिंग घ्यावं की एम-५चा ग्रब स्क्रू मारावा?

दोन्ही नको. पैसे वाचवा.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत चाकाच्या बाहेरच्या प्लेटमध्ये एकच बेअरिंग दिसतंय. आतली प्लेट फक्त मोटर धरायला वापरली आहे. सगळं दुखणं इथून सुरू होतं. स्लीव्ह होती तेव्हा दोन्ही शाफ्ट मिळून एकच दांडा झाला होता. तो एका टोकाला गिअरबॉक्सच्या बेअरिंगने धरलेला, दुसऱ्या टोकाला तुमच्या बेअरिंगने. तिथवर मांडणी बरोबर होती, फक्त जोड कच्चा होता. लव्हजॉय आणल्यावर त्या दांड्याच्या मध्ये बिजागरी आली. चाकाचा शाफ्ट आता एकाच बेअरिंगवर लटकतोय आणि आतलं टोक स्पायडरच्या रबरावर टेकलंय. रोबोटचं वजन त्या रबरातून गिअरबॉक्सच्या शाफ्टवर जातंय, तेही डुलत डुलत. खडखड येणारच.

हे एकदा पक्कं डोक्यात बसवा. कपलिंग घट्ट, म्हणजे रिजिड असेल तर चाकाच्या शाफ्टला बाहेरचं एक बेअरिंग पुरतं. कपलिंग लवचीक असेल तर त्या शाफ्टला स्वतःची दोन बेअरिंगं हवीतच. उलट चूकही लोक तितक्याच उत्साहाने करतात: शाफ्ट दोन बेअरिंगांवर छान बसवायचा आणि मग गिअरबॉक्सला घट्ट स्लीव्हने आवळायचा. तीन-चार आधार एका रेषेत हाताने आणणं कुणालाच जमत नाही. रेषा दोन-तीन दशांश मिलिमीटरने चुकली तरी शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात थोडा वाकतो आणि सरळ होतो. मिनिटाला ३०० फेरे धरा आणि तेवढ्या वेळा तो जोड हलवला जातोय असं समजा. ग्रब स्क्रू सुटायला याहून चांगली सोय नाही.

आता टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. बहुतेक टीम मोटरच्या डेटाशीटवरचा स्टॉल टॉर्क (मोटर अडून थांबते तेव्हाचा टॉर्क) बघून घाबरतात, किंवा बघतच नाहीत. चाकाला किती टॉर्क जाऊ शकतो हे आधी जमिनीला विचारायचं. २५ किलोचं वजन चार चाकांवर, म्हणजे चाकामागे साधारण ६१ न्यूटन. रबराचं चाक आणि चांगली पकड, घर्षणांक १ धरू. चाकाची त्रिज्या ५० मिमी. म्हणजे ३ न्यूटन-मीटरच्या आसपास चाक घसरायला लागतं, त्याहून जास्त टॉर्क नेहमीच्या चालण्यात जोडावर येतच नाही. पण जोरात ब्रेक मारला किंवा कुणाला धडकलात की सगळं वजन दोन चाकांवर येतं, तेव्हा आकडा दुप्पट: ६. त्यावर उलटसुलट फिरवताना मोटरच्या आतल्या रोटरचा झटका वेगळा. रोटर लहान असला तरी त्याचं जडत्व गिअर रेशोच्या वर्गाने वाढून चाकाच्या बाजूला दिसतं. म्हणून मी अशा रोबोटच्या जोडाला १० ते १२ न्यूटन-मीटर सहज झेपतील असं बघतो.

६ न्यूटन-मीटर म्हणजे ८ मिमी शाफ्टच्या पृष्ठभागावर १५०० न्यूटन, दीडशे किलोच्या घरात. शाफ्टला स्वतःला हे काहीच नाही. ८ मिमीच्या भरीव दांड्यात त्याने ६० मेगापास्कलच्या आसपास पीळताण येतो, ईएन-८सारखं साधं पोलाद तो हसत घेतं. म्हणजे शाफ्ट तुटायची भीती नाही. प्रश्न जोडाचाच आहे.

ग्रब स्क्रू तिथे काय करतो ते जवळून बघा. तुमचा शाफ्ट ८ मिमीचा आणि सपाट बाजूपासून मापला तर ७ मिमी. म्हणजे सपाट पट्टी सव्वापाच मिमी रुंद. एम-४ ग्रब स्क्रूचं वाटीसारखं टोक मात्र जेमतेम २ मिमीचं. ते पट्टीच्या मधोमध टेकतं. हब, म्हणजे शाफ्टवर बसणारा स्लीव्हचा किंवा कपलिंगचा भाग, फिरू पाहतो तेव्हा टोकाची एक कड टेकू होते, आणि ती कड मध्यरेषेपासून फक्त १ मिमीवर आहे. चाकाचा सगळा टॉर्क त्या १ मिमीच्या तरफेवर. ३ न्यूटन-मीटर रोखायचे तर ३००० न्यूटनचा दाब हवा. भोकाच्या घर्षणाची मदत धरली तरी हिशोब अंगाशी येतो. आणि तुम्ही तो स्क्रू आवळता कशाने? २ मिमीच्या एलन कीने. एम-४च्या डोकेवाल्या स्क्रूला ३ मिमीची की लागते, ग्रबला २. जरा जोर दिला की कीचे कोपरे तरी झिजतात किंवा अ‍ॅल्युमिनियमचे आटे तरी जातात. एम-५ने हे थोडं सुधारेल, पण पद्धत तीच राहील.

रोबोट पुढे-मागे, पुढे-मागे जातो. प्रत्येक वेळी टोक पट्टीवर एकदा या कडेवर, एकदा त्या कडेवर झुकतं. पोलाद थोडं थोडं चेपतं, शाफ्टवर बारीक खळगा पडतो, खळग्याच्या कडेला बर, म्हणजे धातूची धारदार कड, उभा राहतो. आता स्क्रूचा दाब गेला, लॉकटाईट आट्यांत शाबूत असलं तरी. म्हणूनच तुम्हाला फरक दिसला नाही. लॉकटाईट स्क्रूला फिरू देत नाही, शाफ्टला चेपण्यापासून वाचवत नाही. (आणि हब काढताना तो बर फाइलने साफ केल्याशिवाय ओढू नका. भोक खरवडून निघतं आणि मग नवीन हबसुद्धा तिथे नीट बसत नाही.)

आणखी एक खूण. हबच्या कडेला तांबूस-लाल भुकटी दिसतेय का? गोव्यात लोखंडावर लाल दिसलं की आपण पावसाला आणि खाऱ्या हवेला नाव ठेवून मोकळे होतो. पण बाकीचा शाफ्ट चकचकीत आणि फक्त जोडाच्या तोंडाशी भुकटी असेल तर तो हवेचा गंज नाही. दोन पृष्ठभाग एकमेकांवर अगदी बारीक, डोळ्याला न दिसणाऱ्या अंतराने घासतायत आणि निघालेला कीस लगेच गंजतोय. जोड हलतोय याची ती पावती आहे. अ‍ॅल्युमिनियमचा हब असेल तर भुकटी काळपट दिसेल. याहून सोपी तपासणी म्हणजे शाफ्ट आणि हबवरून मार्करने एक सरळ रेघ मारायची. फेरीनंतर रेघ तुटलेली दिसली तर जोड सरकला. प्रत्येक जोडावर अशी रेघ असावी, स्पर्धेच्या दिवशीसुद्धा. पिटमध्ये (स्पर्धेतल्या दुरुस्तीच्या जागेत) दहा सेकंदांत चारही चाकं बघून होतात.

तर टॉर्क आकाराने न्यायचा, चिमट्याने नाही. आकार म्हणजे की (शाफ्ट आणि हबच्या खाचेत बसणारी चौकोनी पट्टी), हेक्स (षटकोनी शाफ्ट), आरपार पिन, किंवा शाफ्टच्या सपाट बाजूला नीट बसणारं डी-आकाराचं भोक. स्क्रूचं काम एवढंच, की जोड शाफ्टवरून बाहेर घसरू नये आणि फटीत हलू नये.

हेक्सबद्दल बोलतो, कारण ते सगळ्यांना हवं असतं. अमेरिकेतल्या एफआरसी या रोबोट स्पर्धेचे व्हिडिओ बघितलेत की अर्ध्या इंचाचे हेक्स शाफ्ट सगळीकडे दिसतात. हेक्स भोकाचे गिअर, चाकं, स्प्रॉकेट, बेअरिंगसुद्धा. तिथे ते दुकानात तयार मिळतं म्हणून सोपं आहे. आपल्याकडे हेक्स बार मिळेल, पण त्याचं भोक पाडायला ब्रोच (भोकाला आकार देणारं दातेरी हत्यार) लागतो नाहीतर वायरकट (विजेच्या तारेने कापणारं मशीन). चार चाकांसाठी तेवढा खटाटोप मला पटत नाही. की चांगली, पण ८ मिमीच्या शाफ्टला प्रमाण माप २ × २ मिमीची की, आणि तुमच्या गिअरबॉक्सच्या शाफ्टवर ती खाच मुळात नाही. आता ती पाडायची म्हणजे गिअरबॉक्स उघडून मिलिंगवर न्यावा लागेल. सोडा.

राहिली पिन. माझ्या मते कमी साधनांत होणारा हा सगळ्यात भरवशाचा जोड आहे. ३ मिमीची जाड स्प्रिंग पिन, ज्याला आपले मेकॅनिक रोल पिन म्हणतात, दोन्ही बाजूंनी कातरली जाताना ६ किलोन्यूटनच्या वर घेते. ८ मिमी शाफ्टच्या आरपार मारली तर कागदावर २५ न्यूटन-मीटर येतात. आपल्याला १० ते १२ हवे होते. पिन शाफ्टच्या व्यासाच्या पाव ते साधारण तिसरा हिस्सा असावी, त्याहून फार मोठी नको, नाहीतर शाफ्टच कमजोर होतो. ज्यांच्याकडे ६ मिमी शाफ्टच्या जॉन्सन मोटर आहेत त्यांनी २ मिमीची पिन घ्यावी.

मारायची कशी, हे नीट वाचा, कारण गिअरबॉक्स मरतात ते इथे. आधी शाफ्टच्या टोकावर फाइल घासून बघा. फाइल चावली तर साधं ड्रिल चालेल, नुसती घसरली तर कोबाल्टचं ड्रिल आणा. गिअरबॉक्सच्या तोंडाशी, शाफ्ट बाहेर येतो तिथे, भरपूर ग्रीस थापा आणि वर टेप गुंडाळा. कीस आत गेला तर प्लॅनेट गिअर तो दळत बसतील. हब जागेवर बसवून, आवळून, शाफ्ट व्ही-ब्लॉकवर आडवा ठेवा. सेंटर ड्रिल, मग २.५, मग ३. स्प्रिंग पिनचं भोक पिनच्या नावाच्या मापाचंच असतं, पिन मुळात थोडी मोठी बनवलेली असते, म्हणून २.९ वगैरे हुशारी नको. हब आणि शाफ्ट एकत्रच भोकायचे, वेगवेगळे भोकून नंतर जुळवायचे नाहीत. आणि प्रत्येक जोडीला नंबर कोरा, कारण या चाकाचा हब त्या मोटरवर बसणार नाही.

पिन हातोडीने ठोकू नका. व्हाइसच्या जबड्यात दाबून बसवा. ठोकायचीच वेळ आली तर हबखाली थेट पोलादाचा ठोकळा हवा, म्हणजे धक्का ठोकळ्यात जाईल. मोटर हातात धरून ठोकलीत तर तो धक्का गिअरबॉक्सच्या बेअरिंगमधून आणि कॅरिअरमधून जातो, आणि खडखड कायमची घरी येते.

तुमच्या जागी मी काय केलं असतं? दोन वाटा आहेत. पहिली: लव्हजॉय ठेवा, पण आतल्या प्लेटमध्येही ६००१ बेअरिंग बसवा, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंना आधार आला. मोटर स्टँडऑफवर मागे घ्या आणि कपलिंग मधल्या जागेत. कपलिंगचे दोन्ही हब पिनने पक्के, स्पायडर कडक, रबराच्या कडकपणाच्या मापात ९८ शोअर ए. ही मांडणी गिअरबॉक्सला सगळ्यात कमी त्रास देते. पण प्रत्येक बाजूला पाचेक सेंटिमीटर रुंदी वाढते. शिवाय लव्हजॉयमध्ये थोडी ढिलाई असतेच, आणि तुम्ही चाकांच्या एन्कोडरवरून (फेरे मोजणाऱ्या सेन्सरवरून) जागा मोजत असाल तर दिशा बदलताना ती टोचते.

दुसरी वाट: कपलिंग हा वेगळा भागच नको. २५ मिमीचा ईएन-८चा दांडा घ्या. त्याचं एक अंग १२ मिमीला फिरवून चाकाचा शाफ्ट करा, दुसऱ्या टोकाला २५ मिमीची जाडी तशीच ठेवून त्यात ८ मिमीचं भोक पाडा, गिअरबॉक्सचा शाफ्ट जेवढा बाहेर आहे तेवढं खोल. या टोकाला एक चीर देऊन एम-४चा डोकेवाला स्क्रू आडवा बसवा, म्हणजे ते शाफ्टला चहूबाजूंनी आवळेल. आणि त्यातून ३ मिमीची पिन, चिरेपासून दूर. टॉर्क पिन नेईल, फट क्लॅम्प मारेल, लाल भुकटी बंद. बाहेरच्या प्लेटमध्ये आहे ते एक बेअरिंग पुरे. शाफ्ट त्या बेअरिंगमध्ये हाताने सरकेल असा ठेवा, दोन्ही टोकांना जाम करू नका.

तुमच्या मापांत मी दुसरी वाट धरीन. भाग कमी, रुंदी तीच. अट एकच: गिअरबॉक्सच्या तोंडाशी बॉल बेअरिंग हवं. काही स्वस्त गिअरबॉक्समध्ये तिथे नुसता बुश (गोळ्या नसलेली साधी नळी) असतो. मोटर हातात घेऊन शाफ्ट आडवा हलवा. ठकठक हलत असेल तर बुश आहे, किंवा तुमच्या डुलणाऱ्या चाकाने बेअरिंग आधीच खाल्लंय. तसं असेल तर मुकाट्याने पहिली वाट.

लेथवर एक गोष्ट सांभाळा. १२ मिमीचा भाग आधी फिरवून घ्या, मग तोच भाग फोर-जॉ चकमध्ये (चारही जबडे वेगवेगळे हलतात त्या पकडीत) डायल लावून ०.०२ मिमीच्या आत आणा आणि मगच भोक. कॉलेजच्या जुन्या थ्री-जॉ चकवर भरवसा ठेवू नका, तिथे दशांश मिलिमीटर सहज बाहेर जातं आणि मग चाक कायम डुलतं. ड्रिल ७.८, त्यानंतर ८ मिमीचा एच-७ रीमर (भोक अचूक मापाला आणणारं हत्यार), हळू आणि तेल देत. रीमरने भोक ८.०० ते ८.०१५मध्ये येतं. गिअरबॉक्सचा शाफ्ट मात्र कागदावर ८ असला तरी मायक्रोमीटरने मोजा, चारही मोटरचे.

रेषा जुळवताना मोटरचे स्क्रू आधी पूर्ण आवळू नका. बऱ्याच प्लॅनेटरी गिअरबॉक्सच्या तोंडावर गोल उंचवटा असतो. प्लेटमध्ये त्याच्या मापाचं भोक असेल तर जागा तो ठरवतो, स्क्रू फक्त धरतात. तसं नसेल तर स्क्रूची भोकं अर्धा मिमी मोठी करा, सगळं जोडा, चाक हाताने फिरवत फिरवत स्क्रू थोडे थोडे, आलटून पालटून आवळा. शेवटी चाक पूर्ण फेरा एकसारख्या जोराने फिरायला हवं. एका जागी जड लागलं तर रेषा चुकलीय, परत ढिले करा.

लॉकटाईटचा उपयोग मोटरच्या आणि क्लॅम्पच्या स्क्रूंना, निळं, २४३. तेल पुसून लावा आणि रात्रभर ठेवा. शाफ्ट भोकात चिकटवायचं ६३८ वगैरे लावायचा मोह होईल. जोड उत्तम होतो, पण सोडवायला २५० अंशांच्या आसपास तापवावा लागतो, आणि तोवर गिअरबॉक्समधलं ग्रीस आणि सील गेलेलं असतं. प्लेट पॉलिकार्बोनेटच्या असतील तर कुठलंच लॉकटाईट त्यांना लागू देऊ नका, स्क्रूच्या भोकापासून तडे जातात.

थ्रीडी प्रिंटरच्या दुकानात मिळणारी ती सर्पिल चीर दिलेली चकचकीत अ‍ॅल्युमिनियम कपलरं चाकाला वापरू नका. ती प्रिंटरच्या लीड स्क्रूसाठी आहेत. पुढे-मागे झटक्यांत चीर उकलते.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाही यात घ्या. पूर्ण पुढेवरून पूर्ण मागे एका क्षणात जाण्याऐवजी शंभर-दीडशे मिलिसेकंदांचा उतार द्या. चालवणाऱ्याला जाणवणारही नाही, झटका मात्र बराच कमी होतो. पिन टिकली की पुढचा कमजोर दुवा गिअरचे दात आहेत, आणि ते बदलणं पिनइतकं स्वस्त नाही.

वेळेचं बघा. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर आहे. कुंडई किंवा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत काम टाकायचं असेल तर याच आठवड्यात टाका. चवथीला अर्धे कारागीर गावाला जातात आणि परत रुळावर यायला वेळ लागतो. कॉलेजच्या लेथवर तुम्ही स्वतः केलंत तर उत्तमच, फक्त रीमर आणि पिना आधी आणून ठेवा, फोंड्यात त्या मापात लगेच मिळतीलच असं नाही. शाफ्ट तयार झाले की तेलाचा हात फिरवून प्लास्टिकमध्ये गुंडाळा. या हवेत उघडं ईएन-८ चार दिवसांत तांबूस होतं, आणि मग खरी लाल भुकटी कुठली ते ओळखू येत नाही.

चारऐवजी पाच शाफ्ट फिरवा. पाचव्याचं भोक रीमरपर्यंत आणून ठेवा, पिनचं भोक मात्र पाडू नका. ते मोटर बदलायची वेळ आली की त्या मोटरवरच पाडायचं. पिटच्या पेटीत २.५ मिमीचा पिन पंच, डझनभर पिना, हाताने चालणारा छोटा व्हाइस आणि ३ मिमीची चांगली एलन की. पहिला सराव झाला की रेघेचे फोटो पाठवा, फेरीआधीचा आणि नंतरचा, चारही चाकांचे.